पाठ कोन बगतो

जोहे गावात गणपतीचे कारखाने घरटी एक. कुणाचा मोठा, पत्र्याची शेड घातलेला, कुणाचा नुसता ओटीपुरता. काळुरामचा ओटीपुरत्यातला. पण रुबाब असा, की नवख्याला वाटावं, अख्ख्या पेण तालुक्याचे गणपती याच्याच हातून डोळे उघडतात. माणूस वाईट नव्हता हो. कुणाचा बांध कोरला नाही, कुणाला शिवी दिली नाही, दारू तर होळीलासुद्धा वासापुरतीच. त्याची खोड एकच होती. तो फक्त पुढून होता.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल कोडं घातलंय.

गणपती मखरात बसतो तो भिंतीला पाठ लावून. माणसं पुढून येणार, पुढून हात जोडणार, मोदकही पुढूनच ठेवणार. मग पाठीला रंग कशाला? काळुरामच्या बापाने त्याला साच्यातून पहिली मूर्ती काढायला शिकवली, तेव्हाच हा मंत्र कानात सांगितला होता, की पाठीवरचा रंग म्हणजे खाडीत ओतलेला रंग. बापाने तो काटकसर म्हणून सांगितला, पोराने धर्म म्हणून धरला. तोंड, सोंड, पितांबर, दागिने सगळं मन लावून. डोळ्यांची आखणी तर अशी, की मूर्तीसमोर उभं राहिल्यावर आपण काय लपवलंय ते हिला कळलं की काय अशी शंका यावी. आणि पाठ पांढरीफटक, साच्यातून निघाली तशीच. कुणी विचारलंच तर काळुराम हसून म्हणायचा, "पाठ कोन बगतो?"

एवढ्यावर थांबला असता तर देव पावला असता. पण माणसाला एकदा तत्त्व सापडलं की तो त्यातच नांदायला लागतो. शर्टाला इस्त्री करायची ती कॉलरला आणि पुढच्या बाजूला, मागच्या सुरकुत्या त्यांच्या त्यांच्या नशिबाने. दाढी गुळगुळीत, मानेवर जंगल. सायकलचं पुढचं मडगार्ड खोबरेल लावून चकचकीत, मागचं कधीच गळून पडलेलं, त्यामुळे पावसाळ्यात त्याच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची एक सरळ रेघ उमटायची. ती रेघ साऱ्या जोह्याने पाहिली, त्याने जन्मात पाहिली नाही. दिवाळीला रंग काढायचा तो रस्त्याकडच्या भिंतीलाच. बोलणंही तसंच. कुणी मोठं माणूस आलं की "यावं, यावं, आपल्या आगमनाने आम्हांस परमानंद जाहला," अशी दोन वाक्यं रेडिओवरच्यासारखी निघायची, आणि तिसऱ्याला "मंग च्या घेनार ना?" म्हणून गाडी रुळावरून खाली.

त्याची बायको पुतळी खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची लेक. तोंडाने कमी, कामाला वाघीण. साचे भरणं, मूर्ती घासणं, वाळवणं, पेंढ्यात बसवून टेम्पोत चढवणं, सगळं तिच्याकडे. काळुराम रंगाचा आणि डोळ्यांचा धनी. डोळे आखून झाले की तो मूर्ती फळीवर ठेवायचा, तोंड बाहेर करून, आणि दोन पावलं मागे सरकून स्वतःलाच मान डोलवायचा. तिथून मूर्ती जायची ती पुतळीच्या हाती, आणि पुतळीच्या हातून पेणच्या व्यापाऱ्याकडे. एकच भानगड होती. दर वर्षी रंग अंदाजापेक्षा लवकर संपायचा, त्यातही केशरी आणि सोनेरी. दर वर्षी काळुराम पेणला जाऊन रंगवाल्याशी भांडायचा, की डबा कमी भरतोस. रंगवाला बिचारा डबा तराजूत ठेवून दाखवायचा. काळुराम म्हणायचा, तराजूचं काय सांगतोस, पुढून सगळंच बरोबर दिसतं. हे बोलताना त्याला स्वतःचंही काही ऐकू जात नव्हतं, हे त्यातलं विशेष.

त्यांना एकच मुलगा, प्रविण. आयटीआय करून रोह्याला, धाटावच्या एका कंपनीत लागलेला. शिफ्टची नोकरी, आईसारखाच अबोल. त्याच्यासाठी आलेली दोन स्थळं घर बघून परत गेली होती. पहिल्या खेपेला मुलीचा मामा पाय धुवायला म्हणून न विचारता मागच्या दारी गेला आणि तिथून जो आला तो चपला घालूनच. दुसऱ्या खेपेला अवकाळी पाऊस आला, मागची पडवी गळली आणि पाणी पाहुण्यांना भेटायला पुढच्या खोलीत आलं. मग अठ्ठ्याण्णव सालच्या माघात पेणच्या बाबाजीने, म्हणजे लग्नं जमवणं हाच ज्याचा छंद होता त्या बाबाजीने, रोह्याजवळच्या खांब गावचं स्थळ आणलं. मुलगी नम्रता, बारावी झालेली. प्रविण बघायला गेला. पोहे खाताना त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे, आणि पोह्यांत मीठ नव्हतं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. घरी येऊन पोरगा आईला म्हणाला, की आता दुसरी बघायची नाही. आणि हेही मोडलं तर कायमची नाईट शिफ्ट मागून रोह्यालाच खोली घेऊन राहीन, मग मला शोधत येऊ नका. एवढं लांब वाक्य तो दहावीनंतर पहिल्यांदाच बोलला होता.

हे काळुरामच्या कानावर गेलं. पोर घर सोडून जाणार, तेही आपल्या घराच्या दिसण्यापायी. आता मात्र हयगय नाही, त्याने ठरवलं. मुलीकडचे घर बघायला फाल्गुनातल्या एका रविवारी येणार होते. मुलीचा बाप दिनानाथ भाताचा आणि वालाचा शेतकरी, गरीब स्वभावाचा. पण त्याच्या घरात शेवटचा शब्द त्याच्या थोरल्या बहिणीचा, काशीबाईचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही. नम्रतासाठी तिने सात घरं बघून सातही नाकारली होती. बाबाजीने हे सांगितलं तेव्हा काळुराम म्हणाला, आठवं बघून विसरणार नाही.

विसरली नाही ती खरंच, पण ते पुढे.

काळुरामने पुढच्या भिंतीला रंग काढला. बाजारचा रंग आणायला पेणला कोण जाणार, घरात गणपतीच्या अंगाला लावायचा फिकट गुलाबी रंग होताच. तोच दोन हात दिला. खिडक्यांना पितांबराचं केशरी. दारावर मुकुटासारखी सोनेरी वेलबुट्टी. घर असं दिसायला लागलं, की शेजारची हौसाआजी रस्त्याने जाताना थबकली, चपला काढल्या आणि दोन्ही हात जोडून पुढे गेली. काळुरामला हा शुभशकुन वाटला.

आणि जे जे दिसायला नको ते ते गेलं मागे. फुटक्या सोंडांचे गणपती, रिकाम्या गोण्या, फाटकी गादी, बंद पडलेला टीव्ही, त्याचे स्वतःचे सात भोकांचे बनियन, तीन पायांची खुर्ची, सगळं मागच्या पडवीत आणि परसात ढकललं. ढिगावर एक ताडपत्री टाकली, तीही अर्धीच पुरली. मग त्याने बायकोकडे पाहिलं. तिच्या केसांत प्लास्टर, लुगड्यावर रंग.

"तू मागंच ऱ्हा गो," तो म्हणाला. "हाक मारली का धडकं लुगडं नेसून च्या घेऊन ये. तवर पुढं नको."

पुतळीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मागे गेली. तिला काम होतंच. परदेशी जाणाऱ्या मूर्ती फाल्गुनातच तयार करून द्याव्या लागतात, त्यांतल्या पन्नास काळुरामकडे होत्या, निम्म्या पाहुण्यांसाठी पुतळीने मागून आणून फळीवर मांडलेल्या, निम्म्या अजून मागे. आपल्याला गोण्यांच्या रांगेत बसवलं याचं तिला वाईट वाटलं नसेल असं नाही. पण ती बोलली नाही, आणि काळुराम तर मागे बघणाऱ्यातला नव्हताच.

रविवारी तो पहाटेच उठला. केसांना कलप लावला. पुडी एकच होती, पण तेवढी पुरली, कारण आरशात दिसले तेवढेच केस काळे करायचे होते. कानापर्यंत कोळसा, कानामागे कापूस. पांढरा शर्ट चढवला आणि प्रविणच्या गळ्यात टाय बांधली. पोराला गुदमरल्यासारखं झालं, पण नम्रतासाठी त्याने तेही सोसलं. दहा वाजल्यापासून काळुराम ओटीखाली, पुढच्या भिंतीशी, रस्त्याकडे तोंड करून उभा. पाहुणे अकराला येणार होते. साडेदहाला त्याने भाषण मनात म्हणून पाहिलं. पावणेअकराला पाय दुखले, म्हणून जरा भिंतीला टेकला. फाल्गुनातलं ऊन कडक असतं खरं, पण दुसरा हात आदल्या संध्याकाळीच दिलेला. भिंत अजून ओली होती. तसा तो सव्वाअकरापर्यंत टेकून होता, मग धूळ उडालेली दिसली म्हणून चार पावलं पुढे झाला. धुळीतून एक म्हैस आली.

म्हशीमागून कुणी येतंय का, हे तो डोळ्यांवर हात धरून बघत असतानाच मागून बाईमाणसाचा आवाज आला, की कुणाची वाट बघताय.

काळुरामने रस्त्यावरची नजर काढली नाही. "खांबचं पाव्हनं येनार हायत. तू मागं जा बाय. हितं उबी ऱ्हायलीस तर घराचा देखावा मोडतो."

"आमी मागनंच आलो," आवाज म्हणाला.

तरी हा बाबा वळला नाही बघा. "मंग परत मागनंच जा," म्हणाला.

तेवढ्यात बाबाजी खोकला. ज्याची ज्याची सोयरीक बाबाजीने जमवली त्याला त्याला हा खोकला माहीत होता. काहीतरी बिघडलं की तो असाच खोकायचा. काळुराम गर्रकन वळला. समोर, म्हणजे त्याच्या हिशेबाने मागे, काशीबाई उभी. नऊवारी, हातात पिशवी, पायांना बांधावरची माती. तिच्याशेजारी दिनानाथ जमिनीकडे बघत, आणि त्याच्यापलीकडे बाबाजी आभाळाकडे बघत.

"यावं, यावं," काळुराम म्हणाला, "आपल्या आगमनाने..." आणि गाडी रुळावरून खाली. "कुठनं आलाव?" एवढंच निघालं.

झालं होतं असं. पाहुण्यांची मिनीडोर रिक्षा गावाच्या अलीकडे असतानाच काशीबाईने थांबवायला लावली. जोह्याची घरं पाठीने शेताला लागून, भात कापून मोकळी झालेली शेतं, बांधावरून पायवाट थेट मागच्या दारी. बाबाजीने रस्ता पुढून आहे हे चारदा सांगितलं. ती म्हणाली, रस्ता असू दे. ताडपत्री, गोण्या, बनियन सगळं ओलांडून ती पडवीत आली, पुतळीकडे पाणी मागितलं, ते पिऊन पाच मिनिटं टेकलीसुद्धा. बाबाजी आणि दिनानाथ तोवर बांधावरच मागे राहिलेले, त्यामुळे पुतळीला वाटलं, कोणी वाटसरू बाई आहे. हे सगळं बाबाजीने काळुरामच्या कानात भराभर सांगितलं, आणि काळुरामच्या डोळ्यांसमोर सात भोकांचे बनियन एकामागून एक येऊन उभे राहिले. गेलं हे स्थळ. गेलं पोर रोह्याला.

तरी हरेल तो काळुराम कसला. त्याने पाहुण्यांना पुढच्या खोलीत बसवलं. भिंतीवरच्या फळीवर पंचवीस गणपती ओळीने, सगळ्यांची तोंडं पाहुण्यांकडे. प्रविण टायसकट कोपऱ्यात. काशीबाईने पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. काळुराम तिला पाठमोरा होऊन पाट सरकवायला वाकला तेव्हा मात्र ती त्याच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. दिनानाथने पण पाहिलं आणि घाईने उपरण्याला नाक पुसलं. काय ते काळुरामला कळलं नाही.

मग तिने विचारलं, की गणपती तुम्हीच रंगवता का. बुडत्याला काठ दिसला. काळुराम सावरून बसला आणि त्याने आपली विद्या सांगायला सुरुवात केली. डोळे कसे आखायचे, सोंडेला छाया कशी द्यायची, मुकुटाला सोनेरी किती पातळ लावायचं. काशीबाई मान डोलवत होती. दिनानाथचीही भीड जरा चेपली. प्रविणने टाय सैल केली. सगळं छान चाललं होतं. इथेच त्याने गप्प बसायचं होतं.

काशीबाई म्हणाली, की आमच्या घरी दर वर्षी पेणहून मूर्ती येते, तुमच्या व्यापाऱ्याकडची, आणि तो शपथेवर सांगतो की ती जोह्याच्या काळुरामची. आमच्याकडे विसर्जनाला बाप्पाचं तोंड घराकडे ठेवून नेतात, जाताना त्याला घर दिसावं म्हणून. मी निरांजन घेऊन सगळ्यांच्या पुढे, नदीवर आधी जाऊन उभी राहते. म्हणजे साऱ्या गावाचे गणपती मला येताना दिसतात ते पाठीकडून. बाकीच्यांच्या पाठी पांढऱ्याफटक. आमच्याच बाप्पाच्या पाठीवर केशरी शेला, शेल्याला सोनेरी काठ, आणि कमरेशी अशी गाठ, की आत्ताच कुणी आईने बांधून दिलीय. गेली कितीतरी वर्षं. ज्या घरात न दिसणाऱ्या जागेवर एवढी माया करतात, त्या घरात आमची पोर द्यावी, असं माझ्या मनात आलं. म्हणून हे स्थळ.

आता यावर शहाण्या माणसाने काय म्हणावं? हो म्हणावं, हात जोडावे, चहा मागवावा. पण काळुरामच्या तत्त्वालाच हात घातला होता ना. तो मोठ्याने हसला.

"तो आमचा नायच," तो म्हणाला. "यापाऱ्याने तुमाला फसवलं. आमच्या मूर्तीची पाठ पांढरी. बापापासनं."

बाबाजी खोकला. प्रविणने बापाचा पाय दाबला. काळुराम त्याच्याकडे वळून म्हणाला, पाय कशाला तुडवतोस रं, खरं तेच सांगतोय. आणि मग तो जो सुटला. पाठीला रंग म्हणजे खाडीत ओतलेला रंग. असलं काम रिकामटेकडे लोक करतात. आमच्या घराण्यातली एक मूर्ती रंगीत पाठीची दाखवा, मिशी काढीन. काशीबाई शांतपणे पुन्हापुन्हा विचारत होती, एकही नाही? नक्की? आणि तो प्रत्येक वेळी जास्त जोराने सांगत होता, एकही नाही. हातातोंडाशी आलेला घास माणूस एवढ्या निष्ठेने थुंकून टाकताना कुणी पाहिला नसेल.

"मंग हे ते घर नाय," काशीबाई म्हणाली आणि पिशवी उचलली. "चल दिनानाथ."

दिनानाथ उठला. बाबाजीचा खोकलाच थांबला. आणि कोपऱ्यातून प्रविण उभा राहिला. त्याने टाय गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवली.

"बाबा, एक मूर्ती फिरवा," तो म्हणाला.

पोराने बापाला काही करायला सांगितलं, असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं. काळुराम उठला ते आपलं खरं करायलाच उठला. फळीवरची पहिली मूर्ती दोन्ही हातांनी धरली आणि पाहुण्यांना दिसेल अशी, मोठ्या ऐटीत फिरवली. पाहुण्यांचे चेहरे बघून त्याला वाटलं, पटली यांना. मग त्याने स्वतः वाकून पाहिलं.

केशरी शेला. सोनेरी काठ. कमरेशी गाठ, एक पदर लांब, एक आखूड.

त्याने ती ठेवली, दुसरी फिरवली. शेला. तिसरी. शेला, आणि याच्या काठावर बारीक हिरवी वेल. चौथीपासून त्याची घाई वाढली, सातवीला ती मंदावली, आणि बाराव्या मूर्तीशी तो तशीच ती हातात धरून उभा राहिला. पितांबराच्या निऱ्या जिथे मागे खोचतात तिथे खोचल्यासारखी सावली होती. जानवं खांद्यावरून उतरून जिथे जायला हवं तिथेच गेलं होतं. त्याच्या हाताला हे काम आलं नसतं, हे त्याला त्या क्षणी कळलं. रंगवाल्याचा तराजूही आठवला.

दारात पुतळी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. धडकं लुगडं नेसलेली, पण बोटांवर केशरी रंग तसाच.

"कदीपासनं?" काळुरामने विचारलं.

"लगीन होऊन आले त्या सालापासनं."

"सव्वीस वर्सं? आनि मला बोलली नाय?"

"काय बोलायचं?" पुतळी म्हणाली. "तुमी कंदी फिरवून बगितलीच नाय."

ती भांडत नव्हती. तेच वाईट होतं. काळुरामची रेडिओवरची ती दोन वाक्यंसुद्धा ऐन वेळी कामाला येईनात. सव्वीस वर्षं आपण जगभर सांगत फिरलो की पाठ कोण बघतो, आणि घरातली बाई मागे बसून पाठी रंगवत होती. तिला आज आपण गोण्यांत बसवलं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तो भिंतीकडे वळला.

आणि तो वळला तशी दिनानाथला धीर धरवेना. जन्मभर गरीब स्वभावाने वागलेला तो माणूस खो खो हसत सुटला. काळुरामच्या पांढऱ्या शर्टावर मानेपासून कमरेपर्यंत गणपतीच्या अंगाचा गुलाबी रंग होता, खिडकीचा केशरी दांडा मधोमध आडवा, आणि वर डोकं मागून कापसासारखं पांढरं. बाबाजी हसला, प्रविण हसला, पुतळीने ट्रे ठेवून तोंडाला पदर लावला. काळुराम विचारत राहिला, काय झालं, काय झालं. मग बायकोने त्याला शर्ट काढून दाखवला. त्याने तो समोर धरला, आपली पाठ नीट पाहिली, आणि अशा मोठ्याने हसला की शेजारची हौसाआजी खिडकीत आली.

काशीबाई तेवढी हसली नाही. तिने पिशवी खाली ठेवली आणि पाटावर परत बसली. मग सांगितलं, की मागे पाणी पिताना पुतळीच्या हातात कुंचला आणि मांडीवर पाठमोरा बाप्पा बघितला तेव्हाच तिचं ठरलं होतं. फक्त घरचा धनी काय सांगतो ते ऐकायचं होतं.

"पुढनं सगळीच घरं रंगवलेली असतात, मी मागनंच येते," ती म्हणाली. "मला वाटलं, बायकोचं काम तुमी आपलं म्हनून सांगाल. तसली दोन घरं मी सोडली. तुमाला तर ते म्हायतीच नाय. मानूस खोटा नाय, निसता वळत नाय." मग ती पुतळीकडे वळली. "आमची पोर घ्या. पन तिला मागं बसवायचं असंल तर तुमच्या शेजारी बसवा."

पुतळीने मान हलवली. प्रविण पाया पडायला वाकला तो एवढ्या घाईत, की चहाच्या ट्रेच्याच पाया पडला.

वैशाखात लग्न झालं. लग्नात काळुरामचं डोकं पुढून-मागून सारखंच पांढरं होतं. शर्टाला मागेही इस्त्री होती. फोटोग्राफरने विचारलं नसताना त्याने त्याला पाठीचा एक फोटो काढायला लावला, तो अजून भिंतीवर आहे.

पण माणूस इतक्यात थोडाच सुधारतो. श्रावण लागला, मूर्तींचा रेटा सुरू झाला, आणि काळुरामने जाहीर केलं, की यंदापासून पाठीसुद्धा तोच रंगवणार. पुतळीने सव्वीस वर्षं केलं, आता तिने आराम करावा. बोलणं मनापासूनचं होतं, यात शंका नाही. त्याने रोज सकाळी दहा-बारा पाठी रंगवाव्यात, आणि प्रत्येक गाठ अशी यावी, की बाप्पाच्या पाठीवर कुणीतरी जिलबी सांडून गेलंय. पुतळी बघायची आणि चांगली झाली म्हणायची. नम्रता बघायची आणि पदरात हसू दाबायची. दुपारी तो जेवून लवंडला, की सासूसुना मागच्या पडवीत मूर्ती घ्यायच्या, ओल्या फडक्याने जिलब्या पुसायच्या आणि नव्या गाठी काढायच्या. पुतळी सुनेला दाखवायची, एक पदर लांब ठेवायचा, एक आखूड, म्हणजे बांधलेली वाटते.

एका दुपारी काळुरामला झोप लागेना. पाणी प्यायला म्हणून तो आत आला आणि मागच्या दाराशी थबकला. दोघी त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या. नम्रताच्या हातात फडकं, आणि फडक्याखाली त्याने सकाळीच जीव ओतून काढलेली गाठ. ती अर्धी पुसली गेली होती. त्याला आधी राग आला. मग त्याने जवळच ठेवलेली, पुतळीने नुकतीच पुरी केलेली मूर्ती पाहिली. तिची पाठ त्याच्याकडेच होती. तो बराच वेळ बघत राहिला.

मग पाय न वाजवता तो परत फिरला, पाणी न पिताच खाटेवर जाऊन पडला आणि मोठमोठ्याने घोरायला लागला, मागच्या पडवीपर्यंत नीट ऐकू जाईल असं.

नम्रताने हात थांबवला आणि सासूकडे पाहिलं. पुतळीने कान देऊन ऐकलं.

"जागं हायत," ती हळूच म्हणाली. "झोपल्यावर घोरत नाय ते." आणि तिने पुढची मूर्ती फिरवून मांडीवर घेतली.